टंट्या मामा आणि इतर: मुलांसाठी घेतलेला चित्रपुस्तकांचा सेट, चारही वाचून झाल्यावर

मे महिन्यात भाची पुण्याहून आजोळी, म्हणजे आमच्याकडे इंदूरला आली की मामाकडून एक पुस्तक हे ठरलेलं असतं, यंदा ती सहावीत जाणार म्हणून म्हटलं जरा वेगळं काहीतरी बघू, तर खजुरी बाजारात एका दुकानात चार पुस्तकांचा हा सेट दिसला. आदिवासी वीरांवरचा, हिंदीत, ग्राफिक नॉव्हेल टाईप, म्हणजे अख्खी गोष्ट चित्रांच्या चौकटींतून. एक टंट्या भीलवर, एक भीमा नायक आणि खाज्या नाईक या दोघांवर मिळून, एक बिरसा मुंडांवर आणि एक राणी दुर्गावतीवर. सातशे वीस रुपयांना चार, प्रत्येकी अठ्ठेचाळीस पानं. सेटचं आणि प्रकाशकाचं नाव इथे टाकत नाहीये कारण खाली तक्रारीही आहेत आणि छोटी मंडळी आहेत, पण अशी पुस्तकं आता बरीच निघून राहिलीयेत, आईबाप घेऊनही राहिलेत, तर घेताना आत काय बघायचं ते आम्हाला ही चार वाचताना कळलं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी टंट्याबद्दलच, कारण सेटमधलं सगळ्यात भारी पुस्तक तेच आहे आणि आम्ही त्याच्यावरच आठवडाभर अडकलो होतो.

भाचीचा पहिला प्रश्न कव्हर बघूनच, "टंट्या म्हणजे तंटा करणारा का?" आणि दुसरा, "याला पण मामा का म्हणतात, हा कोणाचा मामा?" आता इंदुरात राहणाऱ्याला टंट्या मामा हे नाव नवीन नाही, भंवरकुआंच्या चौराह्याला त्याचं नाव दिलंय २०२१ मध्ये, पण पुण्याच्या पोरीला कुठून माहीत असणार, आणि खरं सांगायचं तर त्या चौराह्यावरून रोज जाणाऱ्या आमच्यातल्या कितीजणांना त्याचं नावापलीकडे काही माहीत आहे? मला स्वतःला एवढंच माहीत होतं की श्रीमंतांना लुटायचा आणि गरिबांना वाटायचा. पुस्तक इथेच जिंकतं. ते लुटीपासून सुरू होत नाही, शेतापासून सुरू होतं. पहिली दहा-बारा पानं नुसती जमीन, बाप, थकलेला शेतसारा, पाटील, कचेरी आणि कागद, म्हणजे भाची म्हणाली तसा खरोखरच तंटा, जमिनीचा. आणि मग ते पान येतं ज्यावर आम्ही दोघंही थांबलो. १८७४ च्या सुमारास त्याला पहिल्यांदा पकडलं ते चोरीसाठी नाही तर 'बॅड लायव्हलीहूड' या कारणाखाली, म्हणजे तुझ्याकडे पोट भरायचं सरळ साधन दिसत नाही म्हणून तू संशयित. एक वर्ष तुरुंग. चित्रात साहेब टेबलामागे बसलाय, हा समोर उभा आहे, आणि दोघांच्या मधल्या खिडकीतून त्याचंच शेत दिसतंय ज्यात आता दुसरा कोणीतरी नांगर धरून आहे. एक शब्द नाही त्या चौकटीत. भाचीनं विचारलं, "पण साधन तर यांनीच घेतलं ना?" मी काही बोललो नाही, तिला बरोब्बर समजलं होतं. शाळेच्या धड्यात 'ब्रिटिशांच्या अन्यायाविरुद्ध बंड केले' हे एक वाक्य असतं, आणि अन्याय म्हणजे नक्की काय झालं ते मुलांना कधी कळतच नाही, इथे ते एका खिडकीत दाखवलंय.

पुढे १८७८ ची अटक, खंडव्याच्या जेलमधून तीन दिवसांत पळणं, मग अकरा वर्षं निमाड, खानदेश, बऱ्हाड सगळीकडे पोलीस मागे आणि हा गावागावातून धान्य वाटत पुढे, हा भाग फास्ट आहे आणि मुलांना आवडणारच. बोलणं हिंदीत आहे पण गावकऱ्यांच्या तोंडी मधून मधून निमाडी बोलीतली वाक्यं टाकलीयेत, तिथे भाचीची गाडी अडायची आणि आमच्या आईला हाक जायची. आई मूळची खंडव्याची, लहानपणी शेजारीपाजारी सगळी निमाडीच, त्यामुळे ती चष्मा लावून अशी काही ठसक्यात वाचायला लागली की पुढची सगळी पानं आजीनंच वाचायची असा नियम झाला. मराठी घरातल्या मुलांसाठी घेत असाल तर हे लक्षात ठेवा, हिंदी सोपी आहे पण निमाडी वाचायला घरात कोणी मोठं माणूस लागेल. नाही वाचली तरी गोष्ट तुटत नाही, मजा मात्र अर्धी होते.

आणि मग एक पान आलं जिथे आई वाचता वाचता थांबली. जंगलात टंट्याच्या मागावर शिपाई आहेत आणि त्यातले काही इंग्रजांचे नाहीत, इंदूर संस्थानचे आहेत, म्हणजे आपल्या होळकरांचे. आमच्या घरात होळकर म्हणजे अहिल्याबाई, घाट, मंदिरं, राजवाडा, त्यापलीकडे मुलांना काही सांगितलेलंच नाही. भाचीनं लगेच विचारलं, "आजी, आपले लोक पण याला पकडत होते?" आईनं थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "हो गं, राज्य त्यांचं होतं पण वर रेसिडेन्सी, म्हणजे नजर ठेवणाऱ्या साहेबाची कचेरी, इंग्रजांची होती, आणि राज्य कुणाचंही असलं तरी जंगलातल्या माणसाचं कोण ऐकतं." मला हे पान या सेटमधलं सगळ्यात प्रामाणिक पान वाटलं. माफीचं आश्वासन मिळालं म्हणून टंट्या भेटायला आला, त्या व्यवहारात इंदूरच्या फौजेचा अधिकारी होता, मानलेल्या बहिणीचा नवरा गणपत यानं राखीच्या निमित्तानं घरी बोलावून घात केला असं सांगतात, आणि पकडल्यावर आधी इथेच, रेसिडेन्सी भागातल्या सेंट्रल इंडिया एजन्सीच्या जेलमध्ये ठेवलं. त्या रस्त्यावरून मी वीस वर्षं स्कूटरनं जातोय. 'इंग्रज वाईट, आपण सगळे चांगले' एवढंच दाखवून पुस्तक सहज सुटलं असतं, सुटलेलं नाही, याबद्दल लिहिणाऱ्यांना पैकीच्या पैकी मार्क.

फाशी कशी दाखवणार याची मला धास्ती होती, दहा-अकरा वर्षांच्या मुलाला काय दाखवायचं हा प्रश्नच आहे. फासाचा दोर, चेहरा असलं काहीही नाहीये. १९ ऑक्टोबर १८८९ ला जबलपूरच्या कोर्टात शिक्षा ऐकवतात, मग एक चौकट परदेशातल्या छापखान्याची, कारण त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सनं त्याला भारताचा रॉबिन हूड म्हणून बातमी छापली होती, आणि मग ४ डिसेंबर ही तारीख काळ्या पानावर एकटीच. पान उलटलं की पातालपानी, आमच्या महूजवळचा धबधबा. रेल्वेचे रूळ, दरी, आणि झाडाखाली ठेवलेल्या लाकडाच्या बाहुल्या. त्याचा देह तिथे आणून टाकला असं सांगतात आणि लोक आजही त्या समाधीवर लाकडी आकृत्या वाहतात. भाची आमच्याबरोबर दोनदा पातालपानीला गेलीये, भुट्टे खाल्लेत, फोटो काढलेत, आणि टंट्याचं ठिकाण आम्ही तिला एकदाही दाखवलेलं नाही. मलाच कसंतरी झालं.

मग रविवारी गेलोच. आई, भाची, मी, आणि भाचीची नवी मैत्रीण. मे महिन्यात धबधब्याला पाण्याचा थेंब नसतो त्यामुळे गर्दी नव्हती. समाधीपाशी दोघींनी पुस्तक उघडून चित्रातल्या बाहुल्या आणि समोरच्या बाहुल्या ताडून बघितल्या. इथे गाडी थांबायची आणि मामाला नमस्कार करून मग पुढे जायची हे महू-इंदूरच्या जुन्या लोकांना माहीत आहे, रेल्वेवाले म्हणतात पुढे घाट आहे म्हणून ब्रेक तपासायला थांबायची, पुस्तकात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिल्यात आणि वाचणाऱ्यावर सोडलंय, ते मला आवडलं.

आता ही मैत्रीण कोण ते सांगतो, कारण खरा रिव्ह्यू तिनंच केला. आमच्या घराशेजारी सुदामानगरात एक बिल्डिंग उभी राहतेय, तिथे बडवानीकडचं एक कुटुंब कामाला आहे, भील आहेत, त्यांची मुलगी तिकडे सरकारी होस्टेलमध्ये राहून शिकते आणि सुट्टीत आईबापाकडे साइटवर आलेली. भाचीच्याच वयाची. पहिल्या दिवशी गेटपाशी उभी राहून लांबून पुस्तक बघत होती, दुसऱ्या दिवशी आत ओट्यावर, तिसऱ्या दिवशी तीच वाचत होती आणि भाची ऐकत होती, कारण तिची हिंदी भाचीच्या चौपट जोरात. तर तिनं टंट्याच्या कव्हरवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "भैया, ये डोरी गलत है. हमारे में डोरी बाँस की होती है." मी म्हटलं म्हणजे? तर भीलांच्या धनुष्याला दोरी सुताची नसते, बांबूची पातळ चिवट पट्टी काढून तीच ताणून बांधतात, तिच्या आजोबांकडे आहे, तिनं स्वतः ओढून बघितलंय. अठ्ठेचाळीस पानांत जिथे जिथे तिरकमठा आलाय तिथे तिथे टीव्हीवरच्या रामायणासारखी दोरी काढलीये. चित्रकारानं एकदा बडवानी-झाबुआला जाऊन बघितलं असतं तर ही चूक झाली नसती. मी प्रकाशकांना मेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत बदलू, आणि कुणी सांगितलं असं विचारलं, तर मी लिहिलं की बडवानीच्या एका सहावीतल्या मुलीनं. हे त्यांचं कौतुकच आहे, असं उत्तर कोण देतं हल्ली.

भीमा नायक आणि खाज्या नाईकांचं पुस्तक दुसऱ्या नंबरला. गोष्ट म्हणून ते टंट्याइतकं बांधेसूद नाही, दोन माणसं एका पुस्तकात कोंबल्यामुळे कोण कुठे आहे याचा घोळ होतो, पण त्यात जी सेंधव्याच्या घाटाची पानं आहेत ती बघाच. आग्रा-मुंबई रस्ता, खजिन्याच्या बैलगाड्या, आणि ज्या खाज्याला इंग्रजांनीच घाटाच्या राखणीवर ठेवलं होतं तोच १८५७ मध्ये त्यांच्याविरुद्ध उभा. भाची पुण्याहून बसनं येते ती ह्याच घाटातून, बिजासन मातेच्या देवळापाशी बस थांबते तिथे ती चहा-बिस्किटं घेते, तिला हे वाचून एवढं भारी वाटलं की परत जाताना खिडकीची सीट मला आत्ताच बुक करून दे म्हणाली. मैत्रिणीचे वडील संध्याकाळी साइटवरून हात धुऊन आले होते, त्यांना वाचता येत नाही पण पानं उलटून बघत होते, तेही ह्याच पानावर थांबले, आपल्या गावच्या बाजूचा रस्ता आहे म्हणाले, आणि मग भीमा नायकाचं नाव आम्ही न सांगता त्यांनीच घेतलं. भीमा नायकाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८७६ मध्ये तो पोर्ट ब्लेअरलाच गेला, शेवटच्या दोन पानांवर नुसता समुद्र आहे. ज्या माणसानं आयुष्यभर सातपुडा आणि नर्मदा बघितली त्याला शेवटी समुद्र. चित्रकारानं फार समजून काढलंय हे.

या पुस्तकातली चित्रं भीली पद्धतीची आहेत, सगळं अंग ठिपक्यांनी भरलेलं, पिठोरा म्हणतात त्या भिंतीवरच्या चित्रांतल्यासारखे घोडे. भाची म्हणाली, "टिकल्या टिकल्यांचं चित्र." मी तिला भुरीबाईंबद्दल सांगितलं, झाबुआजवळच्या पिटोल गावच्या, भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा तिथे मजुरीला आलेल्या, तिथे त्यांच्याकडून चित्रं काढून घेतली गेली आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मैत्रीण हे ऐकून एकदम आपल्या आईकडे बघायला लागली, तिची आई समोर विटा उचलत होती. इथे माझी एक मोठी तक्रार आहे. या पुस्तकात चित्रकाराचं नावच नाहीये. लेखक आहे, संपादक आहे, डिझाइन आहे, छापखाना आहे, आणि चित्रांच्या जागी नुसतं 'पारंपरिक भील शैली'. अरे, शैली स्वतः ब्रश धरते का? कुणीतरी माणूस बसला असेल ना ते हजारो ठिपके देत, त्याचं नाव टाका. आदिवासींचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकातच आदिवासी चित्रकाराचं नाव गाळलेलं असेल (आणि तो आदिवासी नसेल तर तेही कळायला हवं) तर ते मला चालत नाही. मेलमध्ये हेही लिहिलंय, यावर मात्र अजून उत्तर नाही.

बिरसांचं पुस्तक घेऊन मी सगळ्यात जास्त नाराज झालो कारण अपेक्षा सगळ्यात जास्त होती. बिरसा मुंडांचा जन्मदिवस १५ नोव्हेंबर, २०२१ पासून तो दिवस जनजातीय गौरव दिवस म्हणून साजरा होतो, त्यामुळे शाळेत प्रोजेक्टला हेच पुस्तक लागणार. आणि यात काय आहे, तर जिमला जाऊन आल्यासारखा देह, डोक्यामागे तेज, प्रत्येक दोन पानांनी एक गर्जना. १८७५ ला जन्म आणि ९ जून १९०० ला रांचीच्या जेलमध्ये मृत्यू, म्हणजे पंचविशीही गाठली नव्हती त्यांनी. हा मुलगा मिशनच्या शाळेत शिकला, बाहेर पडला, आजाऱ्यांची सेवा केली, लोक त्याला देव मानायला लागले, १८९५ मध्ये पकडून दोन वर्षं हजारीबागच्या जेलमध्ये टाकला, सुटून आला आणि परत उभा राहिला, केवढी माणसासारखी गोष्ट आहे ही! पण पुस्तकात ते सगळं चार पानांत गुंडाळलंय आणि उरलेली पानं मारामारी. उलगुलान, म्हणजे बिरसांचा उठाव, कशासाठी होतं? मुंडा जमातीत ज्या कुळानं जंगल तोडून शेत केलं त्या कुळाची ती जमीन, खुंटकट्टी म्हणतात त्याला, ती जमीनदार-ठेकेदार-सावकारांच्या हातात जात चालली होती. खुंटकट्टी हा शब्द अख्ख्या पुस्तकात एकदाही नाही. 'दिकू' हा शब्द आहे पण तळटीपेत अर्थ दिलाय 'इंग्रज'. दिकू म्हणजे बाहेरचा, लुबाडणारा, त्यात जमीनदार आला, सावकार आला, व्यापारी आला, म्हणजे आपल्यासारखी दिसणारी माणसं आली. टंट्याच्या पुस्तकात जे धाडस केलं तेच इथे टाळलं. आणि बिरसा गेल्यावर आठ वर्षांनी, १९०८ मध्ये, सरकारला छोटा नागपूरचा कुळकायदा करावा लागला, आदिवासींची जमीन बाहेरच्यांनी घेण्यावर बंधन आलं, हे शेवटी यायला नको होतं का? मुलांना वाटतं हिरो मेला आणि गोष्ट संपली. भाचीनं पुस्तक मिटून विचारलं, "मग त्यांना जमीन परत मिळाली का?" आणि मला तोंडानं सांगावं लागलं.

राणी दुर्गावतीचं पुस्तक छापाईला सगळ्यात सुंदर, रंग एकदम खुललेत, हत्ती तर अप्रतिम. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफ खान गढा-मंडल्याच्या गोंड राज्यावर चालून आला, नर्रईला लढाई, बाण लागूनही राणी मागे हटली नाही आणि पकडली जाऊ नये म्हणून २४ जूनला स्वतःच्या खंजिरानं जीव दिला, हे सगळं व्यवस्थित आहे. राणी जन्मानं चंदेल राजपूत आणि लग्न गोंड राजघराण्यात दलपत शाहशी, हेही एका ओळीत सांगितलंय. पण मग गोंड कुठे आहेत? दरबार, सरदार, दास्या सगळे टीव्ही सिरियलमधल्या राजवाड्यासारखे, गोरे गोरे. गोंड राज्याच्या गोष्टीत गोंड माणूस फक्त भाला धरून मागे उभा. पाटनगढचे प्रधान गोंड चित्रकार आज जगभर नावाजलेत, जनगढ सिंह श्याम तिथलेच, त्यांच्यातल्या कुणाला हे पुस्तक काढायला दिलं असतं तर काय झालं असतं असं सारखं वाटत राहिलं.

बाकी कागद जाड, अक्षर मोठं, पण बायंडिंग कच्चं आहे. दुर्गावतीची मधली चार पानं तिसऱ्या दिवशी हातात आली, दुकानदारानं बदलून द्यायला आधी नाही म्हटलं, मग बिल दाखवल्यावर दिलं. बिल जपून ठेवा. वय नऊ ते तेरा ठीक, त्याहून लहान मुलांना कचेरी-कागदाची पानं जड जातील, कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवलं तर चालेल.

सुटी पण मिळतात पुस्तकं, दुकानदार आधी सेटच गळ्यात घालतो पण मागितलं की देतो. टंट्या आणि भीमा-खाज्या डोळे मिटून घ्या. दुर्गावती चित्रांसाठी घ्यायचं तर घ्या. बिरसा या सेटमधून घेऊ नका, दुसरं बघा, आणि बघताना आत खुंटकट्टी हा शब्द आहे का ते आधी चाळून बघा.

जूनमध्ये होस्टेल सुरू व्हायच्या आधी मैत्रीण गावी गेली तेव्हा टंट्याचं पुस्तक भाचीनं तिला देऊन टाकलं, आजोबांना दोरी दाखवायची आहे म्हणून. जाताना तिनं मला एक विचारलं. भीमा-खाज्याच्या पुस्तकात आंबापाणीच्या लढाईचं एक पान आहे, ११ एप्रिल १८५८, त्यात भील बायकाही लढताना दाखवल्यात, एकीच्या हातात दगड आहे आणि ती सरळ वाचणाऱ्याकडे बघतेय. "भैया, इसके ऊपर किताब है क्या?" मी खजुरी बाजार पालथा घातला, ऑनलाइनही शोधलं, अजून मिळालेलं नाही. हिंदीत, मराठीत, कशातही असेल आणि कुणाला माहीत असेल तर प्लीज कळवा, दोन कॉपी घ्यायच्या आहेत, एक पुण्याला आणि एक बडवानीला.